तळची साखर

समोरच्या नव्या हॉटेलच्या पत्र्यावरचा बर्फ खाली आला तेव्हा मी कुन्झेसला थुकपा भरवत होते. आवाज तसा फार मोठा नव्हता. गच्चीवरून कुणी जड गादी अंगणात टाकावी तेवढाच. पण त्याच्या क्षणभर आधी एक दबका ‘धम्म’ झाला, पत्र्याच्या पोटातून निघालेला, आणि तो सरळ माझ्या बरगड्यांत शिरला. चमचा हवेत तसाच राहिला. काचेपलीकडे पांढरा धुरळा उडाला, सावकाश बसला, आणि हॉटेलवाल्याची स्कूटर उभी होती तिथे एक ढीग उरला. भुसभुशीत नव्हे, सुरीने वड्या कापाव्यात तसे चौकोनी तुकडे, धारदार कडांचे. हॉटेलची पोरं बाहेर पळत आली आणि मोबाइल काढून हसायला लागली. कुन्झेसने टाळ्या पिटल्या. “आमा, पुन्हा!” “पुन्हा नाही,” मी म्हटलं, आणि इतक्या जोरात म्हटलं की तिचा खालचा ओठ मुडपला आणि तोंडातला घास हनुवटीवर आला. आतल्या खोलीत माझा नवरा लुंडुप फोनवर बोलत होता. “हो आजांग-ले, उद्या पहाटे. हो, मी येतो. असं कसं, आमच्या घरातून कुणी नको का?” मी कुन्झेसची हनुवटी पुसली.

सगळं लेह खूश होतं, हेच मला सहन होत नव्हतं. कार्तिकाच्या सुमाराला वीतभर बर्फ पडून गेला होता, त्यानंतर आभाळाने तोंड मिटलं ते मिटलंच. हिवाळा अर्धा सरला तरी ढग नाही. लामा पोथ्या डोक्यावर घेऊन शेतांभोवती फिरले, गोम्पांतून पूजा झाल्या, म्हाताऱ्या माळ ओढत एकमेकींना विचारत राहिल्या की यंदा जवाला पाणी कुठून यायचं. आणि मग दोन दिवस, दोन रात्री कोसळला. आता रस्त्यावर जो भेटेल तो जुले म्हणायच्या आधी दात दाखवत होता. टीव्हीवरची मुलगी गुडघाभर बर्फात उभी राहून स्वर्ग, स्वर्ग म्हणत होती. मीसुद्धा शेतकऱ्याची मुलगी आहे, मलाही आनंद व्हायला हवा होता. पण माझं मन त्या नव्या बर्फाकडे जातच नव्हतं, ते त्याच्या खाली जात होतं, त्या जुन्या वीतभर थराकडे, ज्याला सगळे विसरले होते. उन्हातल्या अंगावरून तो केव्हाच उडून गेला होता, पण सावलीच्या उतारांवर तसाच पडून होता. खाली जमिनीला थोडीशी ऊब, वर ताऱ्यांनी भरलेलं नागडं आभाळ, आणि मध्ये ती पातळ चादर. रोज रात्री ती आतून खाल्ली जाते. कणाला कण धरत नाही. मूठभर उचलून दाबा, गोळा होत नाही. बोटांमधून साखरेसारखा सांडतो. जिथे भरपूर बर्फ पडतो तिथे जाड दुलई असते आणि तळ शाबूत राहतो. आमच्या वाळवंटात चादरच पातळ, म्हणून तळच कुजका. आणि आमचे लोक पिढ्यान् पिढ्या, चहात लोणी घालावं तितक्या मायेने, उलटंच सांगत आले: बर्फ कमी म्हणून धोका कमी. खारुद? डोंगरावरचा बर्फ अंगावर येतो तो? छे, तो झोजीलापलीकडच्यांचा. आपल्याकडे बर्फच कुठे असतो!

रंगदो गावात गोंबो-मेमे गेले होते. म्हातारे होते, पिकले होते, शेगडीपाशी बसल्या बसल्या गेले. रंगदो म्हणजे लुंडुपचं गाव. मोटार खालच्या खोऱ्यात सोडायची आणि मग खिंड चढून पलीकडे उतरायचं, हिवाळ्यात पायीच. गोंबो-मेमे आमच्या फासपुनमधले. रक्ताचं नातं नाही, पण एका कुळदेवाची घरं. घरात मरण झालं की घरच्यांनी प्रेताला हात लावायचा नसतो. ते फासपुनच्या माणसांनी उचलायचं, बांधायचं, न्यायचं, आग द्यायची. प्रत्येक घरातून एक पुरुष. आमच्या घरातला पुरुष लुंडुप. आणि या रिवाजाला मी नावं ठेवू शकत नव्हते, हीच तर अडचण होती. कुन्झेस झाली तेव्हा याच घरांमधल्या बायका माझ्या उशाशी होत्या, याच लोकांनी महिनाभर माझ्या घरात तूप आणि पीठ आणून ओतलं होतं. माझ्या आईच्या मरणात मी तिचा पायसुद्धा धरू शकले नव्हते, कोपऱ्यात बसून नुसती रडले, आणि हात लावायला दुसरे होते म्हणूनच मला नुसतं रडता आलं. मला ते सगळं माहीत होतं. मला फक्त एवढंच विचारायचं होतं की मेलेल्याला उचलायला जाताना जिवंताने उताराकडे बघायचं की नाही.

दुपारी पलजोर-आजांग आले. लुंडुपचे मामा, फासपुनमधले वडीलधारे, पलटणीतून निवृत्त. दारातच बूट आपटून बर्फ झाडला आणि बुखारीच्या उबेला बसत म्हणाले, “काय गं चोरोल, चहा देतेस की आधी त्याचंही पोट फाडून थर मोजणार?” लुंडुप हसला. हसायला नको होतं त्याने. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी एका संस्थेच्या कामावर होते. उतारांवर खड्डे खणायचे, खड्ड्याच्या भिंतीवर बोट फिरवून थर ओळखायचे, कणांकडे भिंगातून बघायचं, तळ किती घट्ट ते हाताने अजमावायचं. गुडघ्यावर बसून, नाक गळत, बोटं बधिर होईपर्यंत. मला ते काम इतकं आवडायचं की मी कुणाला सांगत नसे. मग दिवस राहिले, आणि सगळे इतक्या मऊ आवाजात बोलायला लागले, आता विश्रांती घे, आता जपून, की ते काम माझ्याकडून कुणी काढून घेतलं हे मला आजतागायत नक्की सांगता येत नाही. कुणीच काढून घेतलं नाही. ते फक्त गेलं. आणि मागे उरली ही थट्टा, दर हिवाळ्यात चहाबरोबर.

“आजांग-ले, उद्या जाऊ नका,” मी म्हटलं.

“बरं. मग गोंबोला कळवतो, बाबा रे, जरा पडून राहा, आमच्या सुनेची परवानगी नाही.”

“त्यांना घाई नाही. घाई तुम्हाला आहे.”

“मला? परवा सूर्य उगवताना घरातून काढायचं असं ओन्पोंनी सांगितलंय. ग्रह माझं ऐकतात का?”

“खिंडीखालचा तो सावलीचा उतार आडवा कापून जावं लागतं. खाली जुना कुजका बर्फ आहे आणि वर हा एवढा नवा. इथून निघणारे तुम्ही चौघं पाय ठेवाल तेव्हा—”

“अगं, माझे केस त्या वाटेवर पिकले. त्या उतारावर जन्मात कधी खारुद पाहिला नाही मी.”

“जे पाहतात ते सांगायला परत येत नाहीत, आजांग-ले.”

पलजोर-आजांगांनी माझ्याकडे न बघता लुंडुपला विचारलं, “काय रे, घरून सुट्टी मिळत नसेल तर तसं सांग बाबा. तुझ्याऐवजी कुन्झेसला नेऊ. काय गं कुन्झेस, येतेस? खांदा देशील?” कुन्झेस म्हणाली, “देईन,” आणि दोघे पुरुष खदखदून हसले. लुंडुप बुटाची नाडी बांधत होता. त्याने ती बांधली, सोडली, पुन्हा बांधली. “चोरोल, पुरे आता,” तो नाडीला म्हणाला.

पुरे. हा शब्द माझ्या कानात तापत राहिला. मी स्वयंपाकघरात जाऊन दार लोटलं आणि हवामानाचे इशारे ज्या कचेरीतून निघतात तिथे फोन लावला. जुना नंबर मला अजून पाठ होता. नवा कुणीतरी मुलगा होता, गोड आवाजाचा. “मॅडम, मोटाररस्त्यासाठी इशारा दिलेला आहे.” मी म्हटलं, रंगदोला मोटाररस्ता नाही. “मग तिथे कोण जातं?” माणसं जातात. “हिवाळ्यात?” माणसं हिवाळ्यातही मरतात, साहेब, मी म्हटलं. पलीकडे तो थोडा हसला, माझ्यावर नाही, अवघडून. म्हणाला, त्या खोऱ्यात बर्फाचं प्रमाण कमी असतं ना, म्हणून ते नकाशात हिरवं आहे. हिरवं! नकाशावरचा तो हिरवा रंग मला दिसला, कुठल्यातरी टेबलावर कुणीतरी चहा पिता पिता भरलेला. शिकलेल्यांची चूक आणि पलजोर-आजांगांची चूक शेवटी एकच निघाली, फक्त एकीला रंग दिलेला होता. मी फोन ठेवला. चुलीवरचं पाणी उकळून उकळून अर्धं झालं होतं.

माझे आगू-ले, वडिलांचे धाकटे भाऊ, असेच गेले. मी तेव्हा शाळेत होते. शेजारच्या खोऱ्यात लग्नाला निघाले आणि पोचले नाहीत. सगळा हिवाळा माझी काकू रोज त्यांची वाटी मांडायची, कारण मेले असं म्हणायला काही हातात नव्हतं. जर्दाळूला फुलं आली तेव्हा नाल्यातला ढीग वितळला आणि फासपुनची माणसं त्यांना घेऊन आली. मुलींना आत कोंडलं होतं, पण आतल्या खिडकीला फट होती. मला चेहरा दिसला नाही. मला दिसला तो एक लोकरी बूट आणि त्याची नाडी, नीट, दुहेरी गाठ मारलेली. घरातून निघताना त्यांनी ती किती काळजीने बांधली असेल! त्या दिवशी अंगणात सगळे बोलत होते. कुणी देवाचा कोप म्हणालं, कुणी साल वाईट म्हणालं, कुणी काकू कधी काय बोलली ते काढलं. त्या उताराच्या पोटात काय होतं हे एकानेही विचारलं नाही. पुढे मी चंदीगडला भूगोल घेतला तेव्हा मुलाखतीत, प्रवेशाला, लग्न ठरताना, जो तो विचारायचा की हाच विषय का, आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. खरं म्हणजे मला त्या अंगणात परत जाऊन ओरडायचं होतं. आणि आता माझ्या स्वतःच्या घरात माझा नवरा नाडी बांधत होता आणि मला सांगत होता, पुरे.

पलजोर-आजांग गेल्यावर मी कुन्झेसला शालीने पाठीशी बांधलं आणि खंबीरचे पाव आणायला जाते म्हणून बाहेर पडले. पाव घेतले. ते अंगाशी धरले, गरम होते. मग माझे पाय घराकडे वळायच्या ऐवजी खालच्या आळीकडे वळले आणि अर्ध्या वाटेवर मला कळलं की मी ओन्पोंकडे चालले आहे. ओन्पो म्हणजे आमचा जोशी. जन्म, लग्न, मरण, पाया खणणं, सगळ्याचे दिवस तो काढून देतो. रंगदोच्या घरांचे ओन्पो हिवाळ्यात लेहला मुलाकडे येऊन राहतात. मी त्यांच्या पायरीवर उभी राहिले आणि स्वतःचीच मला इतकी चीड आली की परत फिरावंसं वाटलं. कॉलेजात मी या लोकांवर भाषण केलं होतं. टाळ्याही मिळाल्या होत्या. पण पलजोर-आजांगांना, लुंडुपला, उद्या पहाटे थांबवू शकेल असा या शहरात एकच माणूस होता, आणि तो आत काचेच्या खोलीत उन्हात पाय शेकत बसला होता, टीव्हीवर आइस हॉकी बघत.

“बस, बस. गोल झाला की बोलू,” ते म्हणाले. गोल झाला नाही. त्यांनी आवाज बंद केला. “लुंडुपची बायको ना तू? बर्फ खणणारी? तिला काही बाधलंय का?” त्यांनी कुन्झेसकडे हनुवटी केली.

“तिला काही झालं नाही. मेमे-ले, गोंबो-मेमेंचा दिवस पुढे ढकला.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी अगदी सावकाश नाकात तपकीर घातली. “पोरी, मी काय बसचं तिकीट देतो? आज नाही तर उद्याच्या गाडीने जा म्हणायला?”

मी सांगायला लागले. जुना थर, थंडी, कण, वरचा भार. मला माझाच आवाज ऐकू येत होता, वर चढत जाणारा, आणि त्यांच्या डोळ्यांत तेच दिसत होतं जे सगळ्यांच्या डोळ्यांत दिसतं: बोलू दे बिचारीला. तेव्हा मी त्यांच्या पुढ्यातली थाळी ओढली, साखरेचं भांडं घेतलं आणि थाळीत साखर पसरली. त्यावर माझ्याकडचा खंबीर ठेवला, गोल, जड. “ही जुनी साखर. हा परवाचा बर्फ. आता हा डोंगर,” असं म्हणून मी थाळी तिरकी केली. पाव हलला नाही. आणखी तिरकी केली. नाहीच हलला. ओन्पोंच्या पोटात हसू गदगदायला लागलं. “छान चिकटून बसलाय की गं तुझा बर्फ!” माझे कान गरम झाले. तेवढ्यात कुन्झेसने माझ्या खांद्यावरून हात लांबवला आणि थाळीच्या कडेला एक चापट मारली. पाव सगळा एकदम सुटला, साखर घेऊन, आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर जाऊन आदळला.

ते हसायचे थांबले. साखर त्यांच्या अंगातल्या लांब गोन्चाच्या घड्यांत शिरली होती. त्यांनी चिमूटभर उचलली, दोन बोटांत चोळली, सांडू दिली. पुन्हा उचलली. बराच वेळ हाच चाळा. टीव्हीवर मुकी पोरं बर्फावरून घसरत होती.

“म्हणजे चौघांपैकी कुणीतरी एक चापट मारणार,” ते म्हणाले.

“पायाने.”

“किती थांबायचं?”

“चारेक दिवस तरी. वारा सुटला तर जास्त.”

“आणि मग खारुद येणारच नाही असं लिहून देतेस?”

“नाही,” मी म्हटलं. “तसं कुणालाच देता येत नाही.”

का कोण जाणे, या उत्तराने ते खूश झाल्यासारखे दिसले. त्यांनी उशामागून पंचांग काढलं, फडकं सोडलं, बोट फिरवत राहिले. मला वाटलं होतं ते खोटं बोलायला तयार होतात की नाही एवढाच प्रश्न आहे. पण खोटं बोलायची गरजच नव्हती. “दिवस एकच थोडाच असतो,” ते पुटपुटले. “परवाचा उत्तम. पुढच्या आठवड्यात एक आहे, मध्यम. गोंबोच्या थोरल्याला जरा जड जाईल, त्याला एक पाठ सांगू. गोंबोला काय, या थंडीत तो जर्दाळू येईपर्यंत टिकेल.” मग त्यांनी पंचांग मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं, थट्टेने नव्हे. “पण हे माझ्या तोंडून जाईल. तुझं नाव कुठे यायचं नाही. तुझं नाव आलं तर ते उद्याच निघतील, तुला दाखवायला.”

ते खरं बोलत होते आणि म्हणून मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. “कळलं?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. जाताना त्यांनी कुन्झेसच्या हातात साखरेचा खडा दिला.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मी कणीक मळत होते आणि वळून पाहिलं नाही. लुंडुपच्या हं, हं, बरं, वरून कळत होतं. “ओन्पोंनी पुन्हा बघितलं,” तो आत येऊन म्हणाला. “उद्याची दिशा बंद निघाली. पुढच्या आठवड्यात.” मग त्याने बुटांची नाडी सोडली, बूट काढून बुखारीमागे ठेवले आणि भिंतीला टेकून बसला, आणि त्याच्या तोंडून एक लांब श्वास बाहेर पडला. मी तेव्हा वळले. त्याचा चेहरा मोकळा झाला होता, खांदे खाली आले होते. कुन्झेसला त्याने छातीवर घेतलं आणि तिच्या केसांत नाक खुपसून तो कुठलंसं गाणं गुणगुणायला लागला. आणि मला दिसलं की हा माणूस घाबरला होता. दिवसभर, ती नाडी बांधताना, सोडताना, पलजोर-आजांगांबरोबर हसताना, तो आतून थरथरत होता. त्याला सगळं पटलं होतं. माझा शब्द न् शब्द पटला होता. त्याला फक्त तो माझ्या तोंडून घेता येत नव्हता. बायकोने सांगितलं म्हणून थांबला, हे तो मरणापेक्षा जड समजत होता, अक्षरशः, मरणापेक्षा. आणि तेच ग्रहांनी सांगितल्यावर लहान मुलासारखा गाणं म्हणत होता. मी कणकेत मुठी मारत राहिले. सुटकेने मला रडू यायला हवं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. याला वाचवायचं, आणि आपण वाचवलं हे त्याला कळूही द्यायचं नाही, कारण कळलं तर पुढच्या वेळी हा मरायला जाईल! हा कसला हिशेब? कुणी ठरवला? “आज कणीक फार मळतेयस,” तो म्हणाला. “घट्ट हवीय,” मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात ते गेले आणि परत आले. लुंडुपने सांगितलं की त्या उताराची अर्धी बाजू आधीच खाली आलेली होती, वरच्या खडकापासून नाल्यापर्यंत, खालची माती उघडी पडेतो. केव्हा आली ते कुणाला माहीत नाही. त्याच पहाटे आली असेल, दुसऱ्या रात्री आली असेल, चौघांच्या पायाखाली कदाचित आलीही नसती. लुंडुप ढिगाऱ्यातल्या तुकड्यांचं वर्णन करत होता, हाताने आकार दाखवत, फडताळाएवढे. मी त्याच्या बशीत भाजी वाढली.

पण गोष्ट पसरली. ओन्पोंनी आभाळात बघून बर्फातलं सांगितलं! फासपुनची महिन्याची पूजा यावेळी आमच्या घरी होती, आणि ओन्पोंना मुद्दाम बोलावून वरच्या आसनावर बसवलं. एकेकजण उठून त्यांच्या गळ्यात मानाचा पांढरा रुमाल, खताक, घालत होता. त्यांची मान दिसेनाशी झाली. लुंडुपनेही घातला. पलजोर-आजांग छांगचा पेला उंचावून म्हणाले, “आम्ही पलटणीत नकाशे बघितले, दुर्बिणी बघितल्या, सब झूट! आपल्या ओन्पो-लेंचं एक पान पुरे.” मी बुखारीपाशी किटली धरून उभी होते. किटलीचा कान भाजत होता, मी ती खाली ठेवली नाही. ओन्पो कुणाच्याही डोळ्यांत बघत नव्हते. मग पलजोर-आजांगांनीच विषय काढला. गोंबो-मेमेंचा शेवटचा विधी जवळ आला होता. दोन लामांना आणि फासपुनच्या माणसांना पुन्हा खिंड ओलांडायची होती. मधल्या दिवसांत पुन्हा बर्फ झाला होता, आणि काल सबंध दिवस वारा. “तर ओन्पो-ले,” ते म्हणाले, “आता तुम्हाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. सांगा, केव्हा निघू? परवा चालेल?”

ओन्पोंनी पेला तोंडाशी नेला आणि तसाच धरला. खताकांच्या ढिगावरून त्यांचे डोळे माझ्याकडे आले. त्यांना काही ठाऊक नव्हतं, त्यांच्या पंचांगाला तर नव्हतंच, आणि ते तसं म्हणू शकत नव्हते. एवढ्या खताकांखाली ते म्हणता येत नाही. मी मान खाली घालून किटली घेऊन आत गेले असते तर त्यांनी कुठलातरी दिवस सांगितला असता. उत्तम किंवा मध्यम. आणि सगळे निघाले असते. मी लुंडुपकडे पाहिलं. सगळी खोली ओन्पोंकडे बघत होती. तो एकटा माझ्याकडे बघत होता. केव्हापासून कोण जाणे. म्हणजे मागचा दिवस कुणी ढकलला हे त्याला कळलेलं होतं. आणि तरीही तो बोलत नव्हता, मी काय करते याची वाट बघत होता, नाडी बांधावी तसा गोन्चाचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत.

मी किटली खाली आपटली. “ओन्पो-ले, तुम्ही चहा घ्या,” मी म्हटलं. “हे मी सांगते.”

कुणीतरी खोकलं. पलजोर-आजांगांच्या भुवया वर गेल्या. “तू? वा! सांग बाई, सांग. कोणता दिवस?”

“मला माहीत नाही.”

हसू उसळलं, भिंतींना लागून परत आलं. ओन्पो हसले नाहीत.

“माहीत नाही तर काय सांगतेस?”

“हेच सांगते. इथे बसून ते कुणालाच माहीत होत नाही. मलाही नाही, यांनाही नाही. मागच्या वेळीही मला तेवढंच माहीत होतं, आणि तेवढं सांगायला मला यांच्या दारात जावं लागलं, कारण माझ्या घरात मला पुरे म्हणतात.” माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. “उद्या मी खिंडीच्या पायथ्याशी जाऊन सावलीच्या बाजूला खणणार आहे. बघितल्यावर सांगेन. जा म्हणेन, नाहीतर थांबा म्हणेन. कदाचित तेव्हाही माहीत नाही म्हणेन, आणि मग कुणी जायचं नाही.”

पलजोर-आजांगांनी ओन्पोंकडे बघितलं. ओन्पोंनी गळ्यातला एक खताक काढला, तो काढून काय करायचं ते न सुचून मांडीवर ठेवला, आणि म्हणाले, “साखर तिनेच दाखवली.” पलजोर-आजांगांचं तोंड लाल झालं. “बायका डोंगरात खड्डे खणणार आणि आम्ही वाट बघत बसायचं?” ते म्हणाले. “आणि एकटी जाणार?”

“फावडं मी घेतो,” लुंडुप म्हणाला. हळू म्हणाला, पण म्हणाला.

“वा रे वा! नवराही निघाला,” पलजोर-आजांग गरजले, आणि मग त्यांना अचानक शेवटचा डाव सापडल्यासारखं ते हसले. “आणि पोरीला कोण बघणार?”

कुन्झेस दाराशी बसली होती, नाक गळत, दोन्ही मुठी पिठाने भरलेल्या. मी तिला उचललं, सगळ्यांच्या पायांमधून वाट काढत पुढे गेले आणि पलजोर-आजांगांच्या नव्या गोन्चावर, बरोबर मांडीत, नेऊन ठेवलं.

“तुम्ही,” मी म्हटलं. “दुपारी थुकपा लागतो तिला. गरम देऊ नका, कोमट.”